अर्ध्या टक्क्यावर पडलेलं सरकार

प्रश्न असा आलाय: "पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत चौदा वर्षांत वीसेक मंत्रिमंडळं झाली. हिटलर सत्तेवर आला तो आघाडी सरकारांमुळे आणि ढीगभर पक्षांमुळे, असं उत्तरात सरळ लिहिलं तर चालेल का? आणि एकाच पक्षाला बहुमत मिळालं असतं तर हे टळलं असतं का?" विचारणारे स्पर्धा परीक्षेची तयारी करताहेत. गाइडमध्ये ते एका ओळीत आहे, पण ती ओळ त्यांना पटत नाहीये.

न पटणं बरोबर आहे. मी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात सत्तावीस वर्षं टी.वाय.ला आधुनिक युरोप शिकवला. पहिली सात-आठ वर्षं हीच ओळ मीही फळ्यावर लिहीत होते. नंतर सोडली. का सोडली ते सांगते, म्हणजे तुमचं उत्तर तुम्हालाच बांधता येईल.

आधी त्या "वीस मंत्रिमंडळां"चा आकडा जरा तपासू. ऐकायला तो भयंकर वाटतो, पण मंत्रिमंडळ बदललं म्हणजे माणसं बदलली असं नव्हे. कामगार खात्याचे हाइनरिष ब्राउन्स, जे मुळात कॅथलिक धर्मगुरू होते, १९२० ते १९२८ एकाच खुर्चीवर होते. संरक्षण खातं १९२० ते जानेवारी १९२८ ऑटो गेसलरकडे होतं. परराष्ट्र खात्यात गुस्ताव स्ट्रेसेमान ऑगस्ट १९२३ पासून मरेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर १९२९ पर्यंत, मधल्या एवढ्या सगळ्या उलथापालथीत टिकून राहिले. चॅन्सेलर, म्हणजे देशाचा पंतप्रधान, बदलायचा, टेबलाभोवतीचे चेहरे बरेचसे तेच असायचे. त्यामुळे मंत्रिमंडळं मोजून अस्थिरता सिद्ध करायला निघालात तर निम्म्या वाटेवरच पाय घसरतो.

त्याहून मोठी अडचण प्रशियाची. या भागाला गाइडवाले हातच लावत नाहीत.

प्रशिया हे जर्मनीतलं सगळ्यात मोठं राज्य, त्या वेळच्या जर्मनीचा जवळपास तीन पंचमांश भाग. मतदार तेच, पक्ष तेच, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धतही तीच. आणि राजधानी बर्लिनच. तिथे सोशल डेमोक्रॅटांचे ऑटो ब्राउन १९२० ते १९३२, मधले थोडे खंड सोडले तर सलग, राज्याचे पंतप्रधान होते. सोबतीला कॅथलिकांचा सेंटर पक्ष आणि उदारमतवादी डेमोक्रॅट. १९२१ ते १९२५ या काळात तर उद्योगपतींचा पीपल्स पक्षही त्यांच्या सरकारात होता. १९२५ नंतरची तीनेक वर्षं पुरतं बहुमत नव्हतं, तरी गाडी चालली. एकाच शहरात, हाकेच्या अंतरावर, एक आघाडी बारा वर्षं टिकते आणि दुसरी वर्ष-दीड वर्षात मोडते. दोष आघाडी नावाच्या प्रकारात असता तर दोन्हीकडे तो सारखाच दिसायला हवा होता. मग घोडं पेंड कुठं खात होतं?

हे बघायला १९२८ ते १९३० चं हर्मान म्युलरचं सरकार घ्यावं. मी वर्गात तेवढं एकच सरकार सविस्तर घ्यायचे, बाकीची भराभर.

२० मे १९२८ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटांना १५३ जागा मिळाल्या. नाझींना फक्त १२, मतं २.६ टक्के. म्हणजे प्रजासत्ताकाच्या बाजूचे लोक जिंकले होते. म्युलरनी पाच पक्षांची मोट बांधली: डावीकडे त्यांचा सोशल डेमोक्रॅट, म्हणजे कामगारांचा पक्ष, उजव्या टोकाला स्ट्रेसेमानांचा पीपल्स पक्ष, मध्ये सेंटर, डेमोक्रॅट आणि बव्हेरियातला कॅथलिक पक्ष. सुरुवातच कशी झाली बघा. पक्ष एकमेकांशी करार करायला तयार नव्हते. स्ट्रेसेमान आजारी, ब्यूलरह्योहेच्या आरोग्यधामात पडून. तिथून तार करून त्यांनी कळवलं की मंत्री व्यक्ती म्हणून सरकारात येतील, पक्ष बांधलेला नसेल. म्हणून मंत्री आले, पण त्यांच्यामागे पक्ष आले नाहीत. औपचारिक आघाडी व्हायला एप्रिल १९२९ उजाडला. आपल्या भाषेत, खातेवाटप आधी आणि समान किमान कार्यक्रम दहा महिन्यांनी.

या व्यवस्थेची पहिली परीक्षा झाली एका युद्धनौकेवरून. सोशल डेमोक्रॅटांनी प्रचारात घोषणा दिली होती: युद्धनौका नको, पोरांना जेवण द्या. ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळापुढे त्या नौकेच्या पहिल्या हप्त्याचा विषय आला आणि सोशल डेमोक्रॅट मंत्र्यांनी सरकार टिकावं म्हणून होकार दिला. कार्यकर्ते खवळले. नोव्हेंबरमध्ये पक्षाच्या संसदीय गटाने बांधकाम थांबवण्याचा ठराव आणला आणि पक्षादेश काढला. मंत्र्यांनाही तो लागू. मग राइशस्टागमध्ये, म्हणजे संसदेत, जे झालं ते मी मुलांना दोनदा सांगायचे, कारण पहिल्यांदा त्यांना ते खरं वाटत नसे. चॅन्सेलर म्युलर आणि त्यांच्या पक्षाचे मंत्री सरकारी बाकांवरून उठले, आपल्या गटात जाऊन बसले आणि स्वतःच्याच मंत्रिमंडळाच्या निर्णयाविरुद्ध मतदान करून परत आले! ठराव पडला. नौका झाली. सरकारही पडलं नाही. पण चॅन्सेलरच्या शब्दाला मंत्रालयात किंमत आहे आणि पक्षात नाही, हे सगळ्यांनी पाहून घेतलं.

आता तो अर्धा टक्का. १९२७ मध्ये जर्मनीत बेकारी विम्याचा कायदा झाला होता. पगाराच्या तीन टक्के वर्गणी, निम्मी कामगाराची, निम्मी मालकाची. हिशेब साधारण आठ लाख बेकारांचा धरलेला. १९३० च्या सुरुवातीला बेकार होते तीस लाखांच्या घरात. १९२९ च्या अखेरीस वर्गणी साडेतीन टक्क्यांवर नेली होती, तरी तिजोरीतलं भोक बुजेना. सोशल डेमोक्रॅट आणि कामगार संघटना म्हणत होत्या चार टक्के करा. पीपल्स पक्ष म्हणत होता, मालकांवर आणखी बोजा नको, भत्ते कमी करा.

मी इथे फळ्यावर गणित मांडायचे. समजा कामगाराचा पगार महिना दोनशे मार्क. साडेतीनवरून चार टक्के म्हणजे एक मार्क जास्त. त्यातला अर्धा कामगाराचा, अर्धा मालकाचा. माणशी पन्नास फेनिग. वर्गात हमखास कुणीतरी म्हणायचं, "मॅडम, एवढ्यासाठी?"

सेंटर पक्षाच्या हाइनरिष ब्रूनिंगनी तोडगा काढला होता: सध्या साडेतीनच ठेवा, सरकारने तिजोरीतून ठरावीक रक्कम द्यावी, तरी कमी पडलं तर वर्गणी वाढवायची, भत्ते कापायचे की कर लावायचे ते पुढे बघू. पीपल्स पक्षाने मान डोलावली. म्युलर स्वतः तयार होते. पण २७ मार्च १९३० ला सोशल डेमोक्रॅटांच्या संसदीय गटाने तो फेटाळला. कामगारमंत्री रुडॉल्फ व्हिसेल आणि संघटनांचे नेते म्हणाले, "पुढे बघू" याचा अर्थ भत्ते कापणार. त्याच दिवशी म्युलरनी राजीनामा दिला. निर्धोक बहुमत असलेलं हे वायमारचं, म्हणजे या युद्धानंतरच्या प्रजासत्ताकाचं, शेवटचं सरकार.

रुडॉल्फ हिल्फरडिंग तीन महिन्यांपूर्वीपर्यंत याच सरकारात अर्थमंत्री होते. त्यांनी पुढे स्वतःच्याच पक्षाला टोला मारला की मरणाच्या भीतीने आत्महत्या करण्यात काही शहाणपण नाही. मला हे वाक्य आवडतं, पण ते अर्धंच खरं आहे. उजव्या बाजूला काय शिजत होतं ते त्यात येत नाही.

राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग आणि त्यांच्या भोवतालचे लोक, विशेषतः जनरल कुर्ट फॉन श्लायशर, आधीच्या वर्षापासून सोशल डेमोक्रॅटांना वगळून सरकार बनवायच्या तयारीत होते. संसदेचं बहुमत नसलं तरी चालेल, राज्यघटनेच्या कलम ४८ खाली राष्ट्राध्यक्षांचे वटहुकूम आहेतच. जर्मनीने द्यायच्या युद्धाच्या नुकसानभरपाईचे हप्ते ठरवणारा यंग प्लॅन मंजूर होईपर्यंत मात्र त्यांना सोशल डेमोक्रॅटांची मतं हवी होती. तो १२ मार्चला मंजूर झाला आणि पंधरा दिवसांत सरकार गेलं. म्युलरना कलम ४८ मिळणार नव्हतं. ३० मार्चला नेमलेल्या ब्रूनिंगना ते मिळालं.

मी हे प्रकरण वर्गात नाटकासारखं करून घ्यायचे. पाच पक्षांच्या पाच चिठ्ठ्या आणि सहावी चिठ्ठी राष्ट्राध्यक्षाची. एका वर्षी पीपल्स पक्षाची चिठ्ठी आलेला मुलगा, वडिलांचं कृषिसेवा केंद्र होतं त्याच्या, दहाव्या मिनिटाला म्हणाला, "मॅडम, आम्ही नाही म्हटलं तर काय होईल?" मी म्हटलं, सरकार पडेल, राष्ट्राध्यक्ष दुसरं नेमतील आणि त्यात तुम्हाला जागा असेल. तो म्हणाला, "मग आम्ही हो कशाला म्हणू?" पोरगं शंभर मार्कांचं बोललं. पुढच्या वर्षीपासून मी तोच खेळ दोनदा घ्यायला लागले. एकदा सहा चिठ्ठ्या, एकदा राष्ट्राध्यक्षाची चिठ्ठी काढून. चिठ्ठी काढली की बहुतेक वेळा तास संपायच्या आत तडजोड व्हायची. हा काही पुरावा नव्हे, वर्गातला खेळ आहे. पण माझं मत तिथून बदललं. आघाडीत भांडणं असणारच, "तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना" हाच तर आघाडीचा संसार. ती मोडते केव्हा, तर बाहेर पडण्याची किंमत दुसरंच कुणी भरणार असं दिसतं तेव्हा. सोशल डेमोक्रॅटांना वाटलं, कडू औषध दुसरे पाजतील, आपण विरोधात बसून आपले मतदार सांभाळू. पीपल्स पक्षाला वाटलं, राष्ट्राध्यक्ष आपलेच आहेत.

प्रशियात हीच सोय नव्हती. तिथे राष्ट्राध्यक्ष हे पदच नव्हतं, वटहुकुमावर परस्पर सरकार चालवणारा कुणी वरचा माणूस नव्हता. विधिमंडळ बरखास्त करायचं तर ते स्वतः विधिमंडळाने किंवा तिघांच्या समितीने करायचं. सरकार पाडलं तर उद्या सकाळी परत त्याच लोकांसमोर बसायचं. म्हणून सोशल डेमोक्रॅटांचे गटनेते एर्न्स्ट हाइलमान आणि सेंटरचे योसेफ हेस यांनी दोघांत बसून गोष्टी मिटवायची सवय लावून घेतली होती. विषय सभागृहात येण्याआधीच निम्मा सुटलेला असायचा. शेवटी ते सरकारही गेलंच. एप्रिल १९३२ च्या निवडणुकीत आघाडीने बहुमत गमावलं, ती काळजीवाहू म्हणून उरली, आणि २० जुलैला चॅन्सेलर फॉन पापेन यांनी तिला कलम ४८ वापरून बाहेरून हटवलं. आतल्या भांडणाने ती मोडलेली नव्हती.

पक्षांच्या वैराबद्दल एक गोष्ट मुलांच्या लक्षात लवकर येत नाही. आपल्याला वाटतं डावे विरुद्ध उजवे अशी लढाई असेल. प्रत्यक्षात ही भाऊबंदकी होती. सोशल डेमोक्रॅटांना खरी भीती कम्युनिस्टांची, कारण मतं तिकडे जाणार. कम्युनिस्ट त्यांना "सोशल फॅसिस्ट" म्हणत. पीपल्स पक्षाला भीती आणखी उजवीकडच्या नॅशनल पक्षाची, ज्याची सूत्रं ऑक्टोबर १९२८ मध्ये वृत्तपत्रांचे मालक आल्फ्रेड हुगेनबर्ग यांच्याकडे गेली. डिसेंबरमध्ये सेंटर पक्षाने लुडविग कास यांना अध्यक्ष केलं, तोही पक्ष उजवीकडे सरकू लागला. स्ट्रेसेमान गेल्यावर पीपल्स पक्षाला आवरणारं कुणी उरलं नाही. म्हणजे प्रत्येक जण मधल्या टेबलावर बसून मागे आपल्या भावाकडे बघत होता. अशा वेळी तडजोड करणारा आपल्याच घरात गद्दार ठरतो. उदाहरणं शोधायला आपल्याला लांब जायला नको.

आता परिस्थितीवर अवलंबून काय होतं, तेही सांगायला हवं, नाहीतर मीही गाइडसारखंच एका ओळीत उत्तर दिल्यासारखं होईल. मंदी आली नसती तर कदाचित त्या अर्ध्या टक्क्याची वेळच आली नसती. हरलेलं युद्ध, नुकसानभरपाई, १९२३ ची महागाई, या सगळ्याचं ओझं होतंच. माझे एक सहकारी अर्थशास्त्र शिकवायचे. ते म्हणत, "बाई, तीस लाख बेकार असताना कुठलीही आघाडी टिकली नसती." त्यांना मी डेन्मार्क दाखवायचे.

जानेवारी १९३३. डेन्मार्कमध्येही मंदी, शेती बुडालेली, मालक टाळेबंदीच्या तयारीत. तिथेही प्रमाणशीर प्रतिनिधित्व, तिथेही आघाडी. पंतप्रधान थोरवाल्ड स्टाउनिंग सोशल डेमोक्रॅट. त्यांच्या कान्सलरगेड रस्त्यावरच्या राहत्या घरी सरकारातले दोन पक्ष आणि विरोधातला शेतकऱ्यांचा पक्ष वाटाघाटीला बसले. शेतकऱ्यांना क्रोनचं अवमूल्यन आणि शेतीला मदत मिळाली, त्या बदल्यात कामगारांना टाळेबंदीवर बंदी, सार्वजनिक कामं आणि सामाजिक सुधारणांचे कायदे मिळाले. तोडगा निघाला तो दिवस ३० जानेवारी १९३३. त्याच दिवशी बर्लिनमध्ये हिटलर चॅन्सेलर झाला. आणि डेन्मार्कच्या राजाने १९२० मध्ये सरकार परस्पर बरखास्त करून पाहिलं होतं, तेव्हा सार्वत्रिक संपाच्या धमकीपुढे त्याला माघार घ्यावी लागली होती. तेव्हापासून तिथे वरून हात देणारं कुणी नाही, हे सगळे पक्ष जाणून होते. डेन्मार्क युद्ध हरला नव्हता, छोटा देश, हे सगळं मान्य. पण "आघाडी आणि मंदी, म्हणून हुकूमशाही" हे सूत्र तिथेच पडतं.

पक्षांच्या गर्दीबद्दल थोडक्यात. साठ हजार मतांमागे एक जागा, त्यामुळे चिल्लर पक्ष आत यायचे हे खरं. म्हणून १९४९ नंतर पश्चिम जर्मनीने किमान पाच टक्के मतांची अट आणली. पण ती १९२८ मध्ये असती तर १२ नाझी बाहेर राहिले असते आणि सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के मतं घेऊन १०७ जागांसह आत आलेच असते. जास्त मोलाची दुरुस्ती दुसरी होती: नवा चॅन्सेलर निवडून दाखवल्याशिवाय जुना पाडता येणार नाही. जुलै १९३२ मध्ये ६०८ जागांत नाझी २३० आणि कम्युनिस्ट ८९, मिळून ३१९. हे बहुमत पाडू शकत होतं, घडवू काहीच शकत नव्हतं. आणि १९३० नंतर संसदेवाचून कारभार कसा चालला हेही आकड्यांत दिसतं: १९३१ मध्ये राइशस्टागने ३४ कायदे केले आणि वटहुकूम निघाले ४४. पुढच्या वर्षी कायदे अवघे ५. सोशल डेमोक्रॅट या काळात ब्रूनिंगला, आपण म्हणतो तसा, बाहेरून पाठिंबा देत होते, म्हणजे जे औषध दुसऱ्याने पाजावं म्हणून उठले होते तेच आता बाहेर उभं राहून गिळत होते.

तुमच्या उत्तरात मग काय लिहाल? आघाडी सरकारं हे कारण म्हणून लिहू नका. म्युलर सरकारच्या पतनाची तारीख द्या, अर्ध्या टक्क्याचा वाद दोन ओळींत द्या, कलम ४८ मुळे पक्षांना जबाबदारीतून सुटायची वाट मिळाली हे लिहा आणि तुलनेला प्रशिया घ्या. तपासणारा तिथे थांबेल.

राहिला दुसरा प्रश्न, एका पक्षाच्या बहुमताचा. वायमारच्या एकाही निवडणुकीत कुठल्याच पक्षाला बहुमत मिळालं नाही. नाझींनाही नाही. सत्ता हातात, विरोधकांवर दहशत, तरी ५ मार्च १९३३ ला त्यांना ४३.९ टक्केच मतं पडली. त्यामुळे हिटलरचं पहिलं सरकारही आघाडीचंच होतं, हे बहुतेक गाइडांत सापडत नाही. ३० जानेवारीच्या मंत्रिमंडळात नाझी तिघेच: हिटलर, फ्रिक आणि ग्योरिंग. बाकी सगळे पापेन, हुगेनबर्ग यांच्यासारखे, आपण याला कोपऱ्यात दाबून ठेवू असं समजणारे. अर्थव्यवस्था आणि शेती दोन्ही खाती हुगेनबर्गनी आपल्याकडे ठेवली होती. जूनअखेर त्यांनी राजीनामा दिला, त्याच सुमारास त्यांच्या पक्षाने स्वतःचं विसर्जन जाहीर केलं, आणि १४ जुलैला नवा पक्ष काढायला कायद्याने बंदी आली.